पिशवीचं ऑपरेशन, लाईट, तपासणी : पेशंटला व्हिडिओ दाखवून समजावतंय का कुणी?

कृष्णाकाठची_सिस्टर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज धागा काढतेय.

मी मिरजेत एका हॉस्पिटलच्या बायकांच्या वॉर्डात सिस्टर आहे. १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांनी इथं दवाखाना सुरू केला तेव्हापासून मिरजेला पेशंटची रीघ आहे, आणि ती नुसती सांगली जिल्ह्यातली नाही. जत, आटपाडी, सांगोला, पलीकडून अथणी, रायबाग, विजापूर. बायका येतात, सोबत सासू नाहीतर जाऊ असते, नवरा खाली चहाच्या गाड्यावर.

राउंडला डॉक्टर येतात, समजावून सांगतात. गाठी आहेत, पिशवी काढायची, अंडाशयं ठेवणार, कंबरेत भूल देणार. बाई मान हलवते. "कळलं ना?" "व्हय." डॉक्टर पुढच्या कॉटकडं वळले की हीच बाई फरशी पुसणाऱ्या मावशींना हळूच विचारते, "मावशी, पोट कुठनं फाडत्यात ओ?" मावशी आपल्या परीनं सांगतात. निम्म्या वेळा आमच्यापेक्षा बरं सांगतात, हे मान्यच करायला पाहिजे. पण "पिशवी काढली की पोट पोकळ होतंय, त्यात वारं धरतंय" हेही त्याच वाटेनं सगळ्या वॉर्डात फिरतं.

म्हणून आम्ही दोघी सिस्टर आणि एक ज्युनिअर डॉक्टर मिळून छोटे व्हिडिओ करायला लागलोय. तीन-चार मिनिटांचे, मोबाइलवर काढलेले. त्यासाठी खणाच्या कापडाची पिशवी शिवून घेतली. एका मावशींची मुलगी ब्लाउज शिवते, तिनं शिवली. खऱ्या मापाची, मुठीएवढी, आत कापूस. दोन्ही बाजूंना नळ्या म्हणून नाड्या, नाडीच्या टोकाला अंडाशयं म्हणून कापडी गोळे, आणि हे गोळे टिचबटणानं काढता-लावता येतात. खाली लहान मुलाचा मोजा जोडलाय, तो योनिमार्ग. कॅमेऱ्यासमोर आधी नुसती पिशवी सुटी करून दाखवायची, गोळे तिथंच. मग गोळेही काढायचे. पिशवी गेली की पाळी बंद होते, पण अंडाशयं राहिली तर हार्मोन्स चालू राहतात. दोन्ही गेलं तर पाळी जायच्या वयाचा सगळा त्रास एकदम अंगावर येतो: गरम वाफा, घाम, झोप नाही, पुढं हाडं ठिसूळ. बटण काढताना बघितलेल्या बायका दुसऱ्या दिवशी राउंडला आपणहून विचारतात, "सर, माझी बटणं ठेवणार की काढणार?" हा प्रश्न याआधी वॉर्डात मी ऐकला नव्हता.

आता अडलंय ते असं. व्हिडिओ कुणाला दाखवायचा, एकट्या बाईला की सोबतच्यांनाही? व्हॉट्सॅपवर द्यायचा की वॉर्डातच टॅबवर? आणि मला स्वतःला वाटतं की ऑपरेशनच्या आधीपेक्षा घरी गेल्यानंतरचा व्हिडिओ जास्त गरजेचा आहे, पण आमच्या ज्युनिअर डॉक्टरांना ते पटत नाही. तुमचे, तुमच्या घरातल्यांचे अनुभव लिहा. त्या वेळी काय कळायला हवं होतं आणि कळलं नाही?

वाईचे_मास्तर

उत्तम धागा. सोबतच्यांना दाखवाच, आणि त्यात नवऱ्याला धरा.

आमच्या सौ.चं ऑपरेशन झालं तेव्हा "बायकांचं आहे, तुम्ही बाहेर थांबा" म्हणून मला पडद्याबाहेर काढलं. तासाभरानं फॉर्मवर सही करायला मात्र मलाच हाक मारली. घरी सोडताना "जड उचलायचं नाही, आराम करायचा" हे तिला सांगितलं. धुणं कोण करणार, पाणी कोण भरणार हेही तिलाच विचारलं. ती काय सांगणार? "मी करीन की हळूहळू."

आराम तिला करायचाय, पण तो द्यायचा बाकीच्यांनी. मग माहिती कुणाला द्यायला पाहिजे? तुमचा घरी गेल्यानंतरचा व्हिडिओ माझ्यासारख्यांसाठीच करा. आणि अक्षरं मोठी टाका.

विश्रामबागचा_डॉक्टर

मास्तर, सज्ञान बाईच्या ऑपरेशनला तिची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची सही हा आपल्याकडचा रिवाज झाला.

सिस्टर, उपक्रम छान आहे, त्या खणाच्या पिशवीचा फोटो टाका. दोन गोष्टी सांभाळा.

एक, व्हिडिओ दाखवला म्हणजे संमती घेतली असं कुणी समजू नये. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा हा निकाल दिला. पेशंट दुर्बिणीनं तपासणी करून घ्यायला आली होती. ती भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशयं काढली. न्यायालय म्हणालं की तपासणीला दिलेली संमती उपचाराला चालत नाही, आणि जिवाला तातडीचा धोका नसेल तर पेशंट शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं. उपचार काय, त्याला पर्याय काय, धोके कोणते, हे डॉक्टरनं सांगायचंय. तुमचा व्हिडिओ बघून बाई प्रश्न विचारायला लागली असेल तर फार मोठं काम झालं, पण उत्तर देणारा माणूस कॉटजवळ उभा पाहिजे.

दुसरं, वेळ. ऑपरेशनच्या सकाळी गाउन घालून बसलेल्या बाईला काही दाखवू नका, तेव्हा डोक्यात काही शिरत नाही. ओपीडीत तारीख ठरली की त्याच दिवशी दाखवा, म्हणजे घरी जाऊन विचार करता येतो. उपाशी राहायचे तास व्हिडिओत घालू नका. घन आहार ६ तास आधी आणि साधं पाणी २ तास आधी बंद, असा हल्लीचा सर्वसाधारण नियम आहे, पण प्रत्येक भूलतज्ज्ञाची पद्धत आणि पेशंटचा बीपी-शुगर वेगळा. ते कागदावर, त्या पेशंटपुरतं.

कॉल्पोस्कोपी, म्हणजे गर्भाशयाचं तोंड भिंगातून मोठं करून बघायची तपासणी, तिच्याबद्दलच्या अभ्यासांचा कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेनं आढावा घेतला होता. छापील पत्रकानं माहिती वाढली पण धास्ती कमी झाली नाही. तपासणी चालू असताना संगीत लावलं तर धास्ती कमी झाली. तेव्हा माहितीनं भीती आपोआप जाते असं धरून चालू नका, त्या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत.

तासगावची_सून

मी पेशंट म्हणून लिहिते. आमची ट्रीटमेंट टेस्ट ट्यूबची, कोल्हापूरला. इंजेक्शनं रोज पोटात घ्यायची, रोज कोल्हापूरला कोण जाणार? मग स्वतःच घ्यायची. तिथल्या सिस्टरनी एकदा करून दाखवलं आणि इंजेक्शनचा पेन हातात दिला. एसटीत बर्फाचा डबा मांडीवर घेऊन घरी आले तोवर सगळं विसरले होते. त्या वेळी व्हिडिओनं तारलं. कंपनीचा होता, इंग्रजी, पण थांबवून-थांबवून बघता आला. पेनाचा आकडा किती फिरवायचा, टोचल्यावर सुई लगेच काढायची नाही, थोडं थांबायचं, सुई प्रत्येक वेळी नवी. शेवटचं ट्रिगरचं इंजेक्शन अगदी सांगितलेल्या मिनिटाला घ्यावं लागतं, कारण त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी स्त्रीबीज काढतात. ती वेळ चुकली तर सगळ्या महिन्याची मेहनत पाण्यात. हे "का" मला त्या व्हिडिओत मिळालं नाही, मागाहून विचारल्यावर कळलं. "का" घाला.

आणि एक. आमच्या घरी फोन सगळ्यांच्या हातात फिरतो. सासूबाईंना तेव्हा सांगितलं नव्हतं. तो व्हिडिओ मी "फवारणी वेळापत्रक" नावानं सेव्ह केला होता. द्राक्षवाल्यांच्या घरात त्या नावाची फाइल कुणी उघडत नाही :) तुम्ही पाठवाल तेव्हा फाइलला साधं नाव द्या आणि पहिल्या चित्रात पिशवी दिसू देऊ नका. बाईनं कुणाला काय सांगायचं ते तिचं तिला ठरवू द्या.

जतची_आशाताई

तासगावच्या ताईंनी लाखातलं सांगितलं. आमच्याकडं तर फोनच बाईचा नसतो. पोराचा असतो आणि पोरगं दिवसभर गावात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ ला, देशातल्या साधारण ५४ टक्के बायका म्हणाल्या की स्वतः वापरायचा मोबाइल आहे. म्हणजे निम्म्याला जरा जास्त. आमच्या वाडीवस्तीवर बघितलं तर तेवढाबी दिसत न्हाई. व्हॉट्सॅपवर पाठवला म्हणजे बाईनं बघितला असं लिहून घेऊ नका.

आम्ही पिशवीच्या तोंडाच्या तपासणीच्या वेळी दाखवतो, ॲसिटिक ॲसिड लावून बघत्यात ती. ३० ते ६५ वयाच्या बायका बोलवायच्या असत्यात. आधी कुणी येत न्हाई. "मला काय झालंय तपासायला?" हे पहिलं, आणि "ते लोखंडी घालत्यात" हे दुसरं. मी अंगणवाडीत दुपारी बायका गोळा करते, दार लावते, मोबाइलवर दाखवते आणि ते आत बघायला घालत्यात ते प्लॅस्टिकचं स्पेक्युलम हातात देते. फिरवा, उघडा, मिटा. एक म्हातारी उघडझाप करून म्हणाली, "एवढंच व्हय? मी पाच बाळंतपणं केल्यात." सगळ्या हसल्या, आणि त्या दिवशी त्या म्हातारीच्या मागनं निम्म्या बायका आल्या. व्हिडिओनं आल्या का म्हातारीनं, मला सांगता यायचं न्हाई.

एक मात्र घालाच. औषध लावून मिनिटभर थांबत्यात आणि पांढरा डाग दिसला तर पुढं पाठवत्यात. त्या डागाला बायका कॅन्सरच समजत्यात. घरी जाऊन रडारड, मग मिरजेला जायाचंच टाळत्यात. डाग म्हणजे कॅन्सर न्हवं, पुढची तपासणी करायची आणि बहुतेक वेळा कॅन्सर व्हायच्या आधीच तिथल्या तिथं इलाज होतो, हे तपासणीच्या आधी सांगायला पाहिजे. नंतर सांगून कानात जात न्हाई.

आणि कन्नडमध्ये करा ओ. जतच्या पूर्व भागात मराठी व्हिडिओ लावला की बायका नुसत्या तोंडाकडं बघत बसत्यात.

काढेवाले_काका

हे सगळे व्हिडिओ म्हणजे ऑपरेशनकडं ढकलायचे धंदे. अंगावरून जास्त जात असेल तर रोज सकाळी दुर्वांचा रस आणि अशोकारिष्ट. आमच्या बहिणीला तीन महिन्यांत…

संपादक

काका, घरगुती उपचारांचा धागा वेगळा आहे, बाकीचा प्रतिसाद तिकडं हलवलाय. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा अंगावरून जात असेल तर कुणीही रसावर थांबू नये, डॉक्टरांना दाखवावं. एवढं इथं ठेवतो.

प्रीतिसंगम

मी कराडचा. आईला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झाला तेव्हा सोबत मी होतो. वडील नाहीत, बहीण नाही. सिस्टर, तुम्ही लाईटचा, म्हणजे रेडिएशनचा, व्हिडिओ करणार असाल तर मुलग्यांसाठीही करा, कारण माझ्यासारखे बरेच बाकड्यावर बसलेले बघितलेत.

आईला लाईट म्हणजे भाजणार असंच वाटत होतं. प्रत्यक्षात मशीनखाली काही मिनिटं झोपायचं, दुखत नाही, चटका नाही. सोमवार ते शुक्रवार, साधारण पाच आठवडे, आठवड्यातून एकदा सलाईनमधून केमो, आणि शेवटी आतून लाईट. ही शेवटची आतली, तिला ब्रॅकीथेरपी म्हणतात, तिच्याबद्दल आम्हाला त्या दिवशी सकाळी कळलं. भूल देऊन आत नळी बसवतात हे ऐकून आई परत निघाली होती. पाच आठवडे रोज त्या इमारतीत जात होतो, कुणीही तीन मिनिटं बसून सांगू शकलं असतं.

पाण्याचं तसंच. लाईटआधी ठरावीक पाणी पिऊन लघवी धरून ठेवायला सांगायचे. आईला वाटायचं की रांगेत गर्दी आहे म्हणून बाथरूमला जाऊ देत नाहीत. ती गुपचूप जाऊन यायची. मग टेबलवर घेतल्यावर परत उतरवायचे, परत पाणी, परत तासभर. कारण साधं होतं. मूत्राशय रोज सारखं भरलेलं असेल तर आतडी वर सरकतात आणि लाईट नेमक्या जागी पडते. एका टेक्निशियननं केसपेपरच्या मागं पेननं चित्र काढून दाखवलं, त्या दिवसापासून आई स्वतः बाटली मोजायला लागली.

मधेच गावची यात्रा आली. "यात्रा होऊ दे, मग राहिलेल्या घेते." आम्हीही म्हणालो असतो हो, पण त्याच टेक्निशियननं सांगितलं की बाहेरची-आतली मिळून सगळी ट्रीटमेंट ८ आठवड्यांच्या, ५६ दिवसांच्या आत संपली पाहिजे, लांबली तर आजार आटोक्यात यायची शक्यता कमी होते. ऊस तोडणी, लग्न, यात्रा, बारसं, सगळ्यांच्या घरी काहीतरी निघतंच. हा ५६ चा आकडा पहिल्याच मिनिटात घाला, भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून दाखवा.

नातवंडांना जवळ घेऊ नका असं शेजारच्यांनी सांगितलं होतं. आई नातीला दारातून बघायची. बाहेरची लाईट घेऊन आलेला माणूस काही लाईट घेऊन घरी येत नाही, आतल्या लाईटचा स्रोतही ती झाली की काढून घेतात. हे विचारायलाच आम्हाला धीर झाला नाही. असली भीती माणूस डॉक्टरसमोर बोलत नाही, त्यामुळं न विचारता सांगायला हवी.

शेवटचं लिहू का नको असं झालंय, पण लिहितो. घरी सोडताना औषधांच्या पिशवीत एक प्लॅस्टिकची गुळगुळीत नळकांडी आणि इंग्रजी कागद होता. मी कागद वाचला आणि आईला काय सांगावं कळेना. आईनं ती ट्रंकेत टाकली. नंतर कुणी बाईनं समजावलं की लाईटनंतर आतली जागा आकसते, चिकटते, म्हणून ते डायलेटर वापरायचं असतं. नवरा असलेल्या बाईलाच ते लागतं असं नाही. जागा आकसली तर पुढं दर तपासणीला डॉक्टरांना आत बघता येत नाही आणि आजार परत आला का ते कळत नाही. "विधवा बाईला कशाला" म्हणून तिला कुणी सांगितलं नसावं, आणि मुलगा म्हणून मला. इथं बाईनं बाईशी बोललेला व्हिडिओ पाहिजे, आणि तो बघताना मुलानं बाहेर जावं एवढं त्याच्या सुरुवातीला म्हणा.

कृष्णाकाठची_सिस्टर

प्रीतिसंगम, वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. पाणी आणि ५६ दिवस लगेच घेतलं. डायलेटरचा व्हिडिओ वेगळा करतो, मी स्वतः बोलते त्यात. आई कशा आहेत?

प्रीतिसंगम

बऱ्या आहेत. नातीची वेणी घालतात रोज.

रोखठोक_सांगलीकर

सगळे गोड गोड लिहितायत म्हणून मी जरा कडू लिहितो.

माझ्या बहिणीला एका खाजगी हॉस्पिटलात असाच व्हिडिओ दाखवला. नाव घेत नाही. चकचकीत, संगीत, हसणारी मॉडेल. त्यात दुर्बिणीचं ऑपरेशन, कमी टाके, लवकर घरी, पॅकेज. गाठ लहान असेल, त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवता येतं, हे कुठंच नाही. गोळ्या आहेत, पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन आहे जे काही वर्षं रक्तस्राव कमी ठेवतं, नुसती गाठ काढता येते, हेही नाही. म्हणजे व्हिडिओ माहितीचा होता का मेनूकार्ड?

२०१९ ला बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण विधिमंडळात गेलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्याच बायका आपल्या सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांवर कोपी टाकून राहतात. पाळीत खाडा पडला तर पैसे कापतात, पांढरं जातंय म्हणून दवाखान्यात गेलं की "पुढं कॅन्सर होईल, काढून टाका". या बायकांना ऑपरेशनची तयारी कशी करायची हा व्हिडिओ हवाय, का ऑपरेशन लागतंय का हा?

आणि दुसरी शंका. टॅब हातात दिला की डॉक्टर दोन मिनिटं बोलत होते तेही बंद होणार. बघाल तुम्ही.

विश्रामबागचा_डॉक्टर

रोखठोक, शंका रास्त आहे, दोन्ही. नुसतं पांढरं जाणं हे पिशवी काढायचं कारण नाही. बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो, औषधानं बरा होतो. पिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्यावी, तेवढं पुरतं.

माझी सिस्टरांना सूचना: पहिला व्हिडिओ "तारीख ठरली" पासून सुरू करू नका, "ऑपरेशन सुचवलंय" पासून करा. शेवटी तीन प्रश्न पाटीवर लिहून दाखवा, बाईनं डॉक्टरला विचारायचे. आत्ता नाही केलं तर काय होईल? याशिवाय दुसरं काय करता येईल? अंडाशयं ठेवणार का? मला विचारलेले आवडतील. काही सहकाऱ्यांना आवडणार नाहीत, ते बघू.

आणि व्हिडिओ संपल्यावर "कळलं का?" विचारायचं नाही. "आता तुमच्या जावेला काय सांगाल ते मला सांगा" म्हणायचं. बाई सांगायला लागली की कुठं गोंधळ आहे तो लगेच दिसतो. यात दोन-तीन मिनिटं जातात. डॉक्टरचा वेळ वाचवायला म्हणून व्हिडिओ करत असाल तर ही मिनिटं पहिल्यांदा कापली जातील, आणि रोखठोक म्हणतात तसंच होईल.

वाळव्याची_नात

माझ्या आजीचं अंग बाहेर यायचं, म्हणजे पिशवी खाली सरकून. वय आणि हृदय बघून ऑपरेशन नको म्हणाले, अंग वर धरून ठेवणारी रिंग आत बसवली. दर थोड्या महिन्यांनी रिंग काढून-धुऊन बसवायला तालुक्याला न्यायचं. मग एका सिस्टरनी आजीला मॉडेलवर स्वतः काढायला शिकवली आणि माझ्या फोनवर ते शूट करू दिलं. आता आजी न्हाणीत स्वतः काढते, धुते, घालते. मधली तपासणी चुकवत नाही, पण प्रत्येक वेळी गाडी करायला लागत नाही. परवा शेजारच्या काकूंना तोच व्हिडिओ दाखवत बसली होती, आवाज फुल्ल. ओसरीवर. आजोबांच्या मित्रांसमोर.

तर गुप्ततेबद्दल तासगावच्या ताई म्हणतात ते बरोबर, पण सगळ्या आज्यांना ते लागू नाही :)

कुपवाडचा_स्टुडिओवाला

लग्नाचं शूटिंग करतो, आजाराचं कधी केलं नाही, पण तांत्रिक सांगतो. चित्र बरं नसलं तरी लोक बघतात, आवाज वाईट असला तर नाही. कॉलर माइक घ्या, वॉर्डात पंखा आणि ट्रॉलीचा आवाज येतो. रिझोल्यूशन कमी ठेवून फाइल लहान करा, खेड्यात रेंजची बोंब. यूट्यूबवर टाकणार असाल तर अनलिस्टेड ठेवा, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसतो. शरीराचं चित्र असलं की कधी कधी वयाची अट लावतात, मग लॉगिन नसलेल्यांना दिसतच नाही. डिस्चार्ज कार्डावर क्यूआर छापा, घरातलं पोरगं स्कॅन करून देतं. खऱ्या पेशंटचा चेहरा घेऊ नका. लेखी परवानगी असली तरी नको. एकदा फॉरवर्ड झालेला व्हिडिओ मागं घेता येत नाही, लग्नाचाही येत नाही.

कृष्णाकाठची_सिस्टर

सगळ्यांचे आभार. आमच्या ज्युनिअर डॉक्टरांनी हा धागा काल रात्री बसून वाचला.

ठरलं ते सांगते. "ऑपरेशन सुचवलंय" हा पहिला, तीन प्रश्नांसकट. घरी गेल्यानंतरचा माझ्या हट्टानं आधी शूट झाला, इथल्याच एका मावशींच्या स्वयंपाकघरात. घागर, ओल्या धुण्याची बादली, गवताचा भारा, वरवंटा, हे सगळं सहा आठवडे दुसऱ्याच्या हातात दाखवलंय, आणि मास्तर, त्यातला धुणं वाळत घालणारा माणूस पुरुष आहे. मावशींचे मालक. लाजत होते, पण केलं. बाईला मात्र नुसतं झोपवून ठेवलेलं नाही. हिंडायचं, पायाची हालचाल करायची, खोकताना पोटावर उशी धरायची. संबंध सहा आठवडे तरी नाहीत, आणि तपासणीत डॉक्टरांनी सांगितल्यावरच, हे वाक्य मालकांच्या तोंडी घालायचं होतं, ते काही केल्या म्हणेनात, शेवटी मीच म्हटलं.

धोक्याच्या खुणा शेवटी वेगळ्या: तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, १०० च्या वर ताप, घाण वास, पोटरी सुजून दुखणं, धाप लागणं, लघवी आपोआप गळणं. थोडं तपकिरी डागासारखं जाणं काही दिवस चालतं, तेही सांगितलंय, नाहीतर रात्री दोनला फोन येतात. फोन येऊ देत, तक्रार नाही, पण बाई रात्रभर घाबरून बसते.

सासूबाईंचा प्रश्न राहिलाय. शूटिंग बघायला आलेल्या एक आजी म्हणाल्या, "सहा आठवडं? आम्ही बाराव्या दिवशी रानात गेलो." यावर काय उत्तर द्यायचं? आणि आशाताई, कन्नड आवाज कोण देईल?

जतची_आशाताई

आजीला उत्तर देऊ नका, आजीलाच व्हिडिओत घ्या. "आम्ही गेलो, म्हणून आमचं अंग खाली आलं" असं म्हणणारी एक तरी गावात सापडतीच. तिचा चेहरा नको, नुसता आवाज घ्या.

कन्नडला माझी जाऊ आहे, अथणीची, दहावी झालेली, बोलायला खणखणीत. पण तिला लिहून द्या, ती स्वतःचं घालती मधे. एखाद्या रविवारी दुपारी या. त्या वेळी आमच्यात वीज नसती, पंख्याचा आवाज येणार न्हाई.

कुपवाडचा_स्टुडिओवाला

माइक मी आणतो. बॅटरीवरचा आहे.